एक काना जास्तीचा

अकरा वर्षांपूर्वी मी एका शब्दाला एक काना जास्त दिला. एकदा नव्हे, एकोणतीस वेळा. त्या कान्यापायी कोरगावच्या बागेत एक माणूस मरता मरता वाचला आणि पार्सेच्या एका भल्या माणसानं लिहिणं सोडून दिलं. काना माझा होता, हे मी कोणालाही सांगितलं नाही. सरळ विचारलं गेलं तेव्हा खोटं बोललो, आणि ते खोटं टिकावं म्हणून दुसरं बोललो. मी मराठीचा मास्तर आहे. शुद्धलेखन हीच माझी पत. शेजारचे काका वारले तेव्हा फळ्यावरच्या 'दुखद निधन'मध्ये खडूनं विसर्ग घालून मगच मी आत हात जोडायला गेलो होतो. अशा माणसानं आपली चूक कबूल करायची म्हणजे काय, हे सांगायला मला अकरा वर्षं लागली.

ज्यांच्यावर मी तो काना ढकलला, ते सर पेडण्याच्या आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवत. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशाला शाईचा कायमचा डाग. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, किंवा त्यांना ती ठेवायची नसत. ते प्रत्येकाला त्याच्या विषयानं हाक मारत. स्टाफरूममध्ये येऊन म्हणायचे, "इतिहास अजून आला नाही? काल म्हापशात भूगोल हरवला होता, बायको शोधत होती." गणिताची म्हैस व्याली, की खरवस सगळ्यांना मिळे. मी होतो 'मराठी'. "मराठी, जरा सरक," असं ते म्हणाले की मला उगाचच सगळ्या भाषेच्या वतीनं सरकल्यासारखं वाटायचं.

माणसांची नावं लक्षात न ठेवणारा हा गृहस्थ एक नाव मात्र देवाचं घ्यावं तसं घेई. ॲसिटिलकोलिनएस्टरेज. आमचा शिपाई आबा सातवी नापास, पण त्यालाही ते पाठ होतं. घंटा द्यायला जाताना तो त्याच तालावर पावलं टाकी.

हे एक एन्झाइम आहे. आपल्या नसांच्या टोकाशी ते काम करतं. एन्झाइमला मराठीत विकर म्हणतात. हे मला आता माहीत आहे.

सर ते वर्गात शिकवत नसत, घडवून दाखवत. प्रयोगशाळेच्या शेवटी दोन कपाटांमध्ये एक चिंचोळा बोळ होता. सर म्हणायचे, "हे आपलं विकर. वरून बघाल तर गोळा, आणि गोळ्याच्या मध्ये ही अरुंद, खोल बांय, म्हणजे विहीर. सगळं काम बांयच्या तळाला चालतं." मग तळाला, म्हणजे भिंतीशी, तीन मुलं उभी करत. एक सेरीन, एक हिस्टिडीन, एक ग्लुटामेट. सेरीननं हात पुढे करायचा, हिस्टिडीननं तिच्या कोपराला आधार द्यायचा, ग्लुटामेटनं हिस्टिडीनला मागून धरायचं. ग्लुटामेटला कोणी तयार नसे, कारण त्याला काही दिसत नसे. सर त्याची समजूत घालत. "तू हाललास की सगळं कोसळलं. मागे उभ्या राहणाऱ्या माणसाला कमी समजू नको."

दाराशी चौथा मुलगा पाठीला दप्तर लावून उभा. तो निरोप्या. नस त्याला स्नायूकडे पाठवते, तो स्नायूच्या दारावर थाप मारतो, "आवळ." स्नायू आवळला जातो. "आता सांगा, थाप मारून झाल्यावर निरोप्यानं काय करायचं?"

"जायचं, सर."

"तो जाणारा न्हय. मूर्ख आसा तो. तो थापा मारतच राहणार. मग स्नायू आवळतच राहणार, तोंडातून लाळ, अंगातून घाम, आणि शेवटी श्वास बंद. म्हणून त्याला बांयत ओढायचं."

निरोप्या बोळात शिरे, सेरीन त्याच्या पाठीवरचं दप्तर हिसकावून घेई, आणि सर ओरडत, "तुटला! दप्तराशिवाय त्याला कोण ओळखतो? जा रे, मागच्या दारानं घरी जा, उद्या नवीन दप्तर मिळेल." मग आबा पाण्याची कळशी घेऊन येई. तो पाणी. पाण्यानं सेरीनच्या हातातलं दप्तर काढून न्यायचं, की तिचा हात पुन्हा रिकामा. "असं हे एका सेकंदात हजारो वेळा करतं," सर म्हणत, "आणि त्याची सगळी ताकद कशात आहे? रिकाम्या हातात. धरायला कोणीही शिकवील. सोडायला शिकवणारं हे एकच."

काजूवर मारतात त्यांतली काही कीटकनाशकं नेमकी या सेरीनच्या हातावर येऊन बसतात. ते समजावताना सर फणस वापरत. विष म्हणजे फणसाच्या चिकानं माखलेलं दप्तर. सेरीननं ते घेतलं की हाताला चिकटलं. आबा कळशी ओतून ओतून दमला तरी सुटत नाही. चीक ओला आहे तोवर खोबरेल लावलं की सुटतो. ते खोबरेल म्हणजे डॉक्टरांकडचं औषध. चीक वाळला, की खोबरेल गेलं वाया. मग अंगानं नवीन विकर तयार करीपर्यंत वाट पाहायची.

एका वर्षी त्यांनी खरा फणस आणला. सेरीन झालेल्या मुलीचे दोन्ही हात दप्तराला चिकटले आणि मधल्या सुट्टीत ती दप्तरासकट घरी गेली. तिची आई प्रिन्सिपॉलच्या मेजासमोर उभी राहिली. प्रिन्सिपॉल म्हणाले, "सर, फणस अभ्यासक्रमात नाही."

"विष आहे, सर," सर म्हणाले, आणि खोबरेलाची बाटली आईच्या हातात दिली. "वाळायच्या आधी लावा."

हे विकर त्यांनी आयुष्यभर सगळीकडे लावलं. बाजारात कोणी हॉर्न दाबून धरला की खिडकीतून डोकं घालून म्हणायचे, "पोचलं बाबा, सोड आता बोट." तीच सूचना दर सोमवारी देणाऱ्या प्रिन्सिपॉलांबद्दल त्यांचं निदान एका वाक्यात होतं. "विकर मंद." घरी वैनींनी जेवायला एकदा हाक मारायची, दुसऱ्यांदा मारायची नाही. दुसरी हाक हा विकराचा अपमान. वैनी मला म्हणाल्या होत्या, "पयल्या हाकेक येनात, दुसरी मारूंक दिनात. हांव ताट बेडकाक घालतां." सरांच्या परसात प्रयोगातून निवृत्त झालेले बेडूक होते, म्हणून.

बोलणं कळलं की ते 'पोचलं' म्हणत आणि निघून जात, समोरचा वाक्याच्या मध्यावर असला तरी. इतिहासाची आई वारली तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो. इतिहास रडत सांगत होता, आई शेवटी काय बोलली ते. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोचलं," आणि चपला घालून चालू लागले. आम्ही शरमेनं मेलो. नंतर इतिहासच मला म्हणाला, "त्या दिवसात तेवढं एकच बरं बोललं कोणी."

तर अशा माणसानं पत्रक लिहायचं ठरवलं.

काजूला मोहर आला की पार्से-कोरगावच्या बागांतून फवारणी सुरू होते. फवारणारे बरेचसे सिंधुदुर्गातून आलेले. तोंडाला फडकं नाही, अंगात धड शर्ट नाही. सर स्कूटर थांबवून त्यांना विकर समजावत, पण बागेत दोन कपाटं नसत. म्हणून त्यांनी चार पानांचं पत्रक लिहिलं आणि माझ्याकडे दिलं. आमच्या पेडण्यात बोलतात एक आणि वाचतात मराठी, तेव्हा पत्रक मराठीत. "मराठी, तू एकदा नजर घाल. तू बघितलंस म्हणजे मी प्रूफ बघणार नाही. तसंच डिचोलीला छापायला दे."

मी लाल पेन घेऊन बसलो. पहिल्याच ओळीत अडखळलो. 'फवारणाऱ्यांनो, आपले विकर जपा.' मी कला शाखेचा. आमच्या गोव्यात विज्ञान इंग्रजीतून, त्यामुळे विकर हा शब्द मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मला वाटलं, सरांचा काना राहिला. पुढच्या ओळीतही राहिला. चारही पानांत राहिला. वर 'विकर असते', 'विकर करते' असं लिंगही चुकलेलं. हे पाहून तर माझी खात्रीच झाली. म्हटलं, बिचाऱ्यांचं आयुष्य बेडकांत गेलं, त्यांना विकार पुल्लिंगी हे कुठून माहीत असणार? मी एकोणतीस काने दिले, सगळी क्रियापदं पुल्लिंगी केली, आणि समाधानानं चहा प्यालो. एखाद्या आजारी वाक्याला औषध दिल्यासारखं मला वाटत होतं.

शब्दकोश माझ्या उजव्या हाताला होता. मी तो उघडला नाही. मला गरज वाटली नाही.

कोरगावच्या देवळाच्या मंडपात काजू बागायतदारांची बैठक होती. तिथे पत्रक वाटलं गेलं. सर मागे उभे, मी कडेला. एका वयस्क भाटकारांनी, म्हणजे बागेच्या मालकांनी, चष्मा लावून ते मोठ्यानं वाचायला घेतलं.

"फवारणाऱ्यांनो, आपला विकार जपा."

मंडपात कोणीतरी खोकलं.

"आपणा प्रत्येकाच्या अंगात एक अत्यंत चपळ विकार असतो. हा विकार बेडकापासून माणसापर्यंत सर्वांना असून तो जन्मतःच असतो. विकार आहे म्हणूनच आपला श्वास चालतो."

"बायलेक सांगतां हांव हें," मागून एक आवाज आला.

"विकार चपळ असावा, ही निरोगी माणसाची खूण आहे. लहान मुलांच्या विकाराचीही काळजी घ्यावी."

आता खांबाला टेकलेली माणसं खांब धरून हसत होती. एक जण म्हणाला, "सर, माजो विकार सांजेर ताव्हेर्नांत चपळ जाता. हो बरो मरे, जपूंक जाय." भाटकार मात्र शेवटपर्यंत गंभीरपणे वाचत राहिले. "कीटकनाशक अंगात शिरले की हा विकार नाहीसा होतो. गेलेला विकार परत येण्यास काही आठवडे लागतात."

सरांनी एक पत्रक घेतलं, उलटंपालटं पाहिलं. हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांना कोणी तरी दप्तर काढून घेतलेल्या निरोप्यासारखं उभं केलं होतं. मग ते लोकांच्या हातून पत्रकं परत गोळा करू लागले. पण निम्मी तोवर लोकांच्या बोल्सात, म्हणजे खिशात, गेली होती, घरी वाचून दाखवायला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मला बाजूला घेतलं. "मराठी, माझ्या कागदावर तसंच होतं काय रे? काना?"

आजूबाजूला सगळे फिदीफिदी हसत होते. गणित मोठ्यानं विचारत होतं, कोणाचा विकार कसा आहे. शब्दकोश मी आदल्या रात्रीच उघडला होता, आणि मला सगळं कळलं होतं. 'काना मी दिला' इतकंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "हो सर. मला वाटलं, शास्त्रातला शब्द, म्हणून हात लावला नाही."

"असेल. घाईत लिहितो मी. तो कागद आसा?"

"छापखान्यात हरवला, सर."

कागद घरी माझ्या मेजाच्या खणात, शब्दकोशाखाली होता. तिथेच तो पुढं अकरा वर्षं राहिला.

"पोचलं," सर म्हणाले आणि गेले.

तोवर ही हसण्यावारी न्यायची गोष्ट होती. चार दिवसांनी ती तशी राहिली नाही.

सर रोज सकाळी शाळेच्या आधी स्कूटरवरून कोरगावात घरोघर फिरत उरलेली पत्रकं गोळा करत. चौथ्या दिवशी एका बागेत शिरले, तर काजूच्या फांदीवर शर्ट टांगलेला आणि खाली भिवा. भिवा दोडामार्गाकडचा, दर हंगामाला येणारा फवारणीवाला. पंप पाठीला, अंग उघडं, औषधानं भिजलेलं. तो झाडाला धरून उभा होता. तोंडातून लाळ गळत होती, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. सरांनी त्याचं तोंड वर करून डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या.

त्यांनी त्याला विहिरीवर नेऊन साबणानं अंघोळ घातली, काजूची बोंडं नेणारा पिकअप अडवला, आणि त्यात घातलं. पिकअपवाला पुढं सगळ्यांना सांगत असे, की इस्पितळापर्यंत म्हातारा कानाशी एकच ओरडत होता, "मार गाडी, चीक ओलो आसा मरे, चीक ओलो आसा." त्याला वाटलं, फणसाचं काही तरी असेल.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. एकानं निरोप्याच्या थापा ऐकू येईनाशा होतात, दुसरं म्हणजे खोबरेल. तिसऱ्या दिवशी भिवा बोलू लागला, तेव्हा सरांनी विचारलं, शर्ट का काढला होता?

"सर, तुमच्याच कागदात लिवलला हा," भिवा म्हणाला. "औषध आंगात गेला की विकार जाता. माज्या ह्या हाताक सा म्हयने मुंग्यो येतत. मिया म्हटलंय, नसांचो विकार आसतलो, जावंदे एकदाचो."

मी तेव्हा खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी तिथेच बोललो असतो. असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. खरं म्हणजे ते भिवाची चादर नीट करत होते, आणि मी दारातून बाहेर पडलो.

भिवाच्या रक्तातलं विकर तपासलं जाई. सर तो आकडा विचारून येत आणि क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा स्टाफरूममध्ये सांगत. "वाढलं. थोडं वाढलं." आणि सगळे एका सुरात म्हणत, "भिवाचो विकार वाडलो." सरही हसत. मी वह्या तपासत बसे. ज्या वहीत चूक नसे तिथंही माझ्या पेनाची लाल शाई ठिबकून राही.

त्यानंतर सरांनी लिहिणं सोडलं. पत्रकाची सुधारित आवृत्ती काढा, असं बागायतदारांनी सांगितलं, तर म्हणाले, "लेखी काम नको. माझं मराठी कच्चं. माका काना खंय देवचो, तें कळना." निवृत्त झाले आणि पायी बागांतून फिरू लागले. दोन झाडांच्या मधे विकर करून दाखवत. भिवा सेरीन होई. दर हंगामाला सर त्याला भेटत, त्याच्यासाठी पाव आणि चवळीची भाजी नेत, पण झाल्या गोष्टीबद्दल दोघं बोलत नसत.

यापेक्षा भयंकर एक गोष्ट झाली. सर जे काही लिहीत ते तपासून घ्यायला माझ्याकडे येऊ लागले. पंचायतीचा अर्ज, विजेच्या कचेरीला तक्रार, भाचीच्या लग्नाच्या पाकिटावरची नावं. पुढं पुढं किराण्याची यादीसुद्धा. पार्सेहून स्कूटर मारत पेडण्याला यायचे आणि चिठी मेजावर ठेवायचे. "मराठी, काने मोज."

मी मोजायचो. साखर, खोबरेल, काडेपेटी, सोलां. सगळं बरोबर असायचं. त्यांच्या हातून कधी एक काना चुकला नाही. मी म्हणायचो, "बरोबर आहे, सर." ते म्हणायचे, "नशीब." आणि दुकानात जायचे. त्यांनी मला एकदा तरी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ते जाताना माझ्या मेजावर चार काजूगर ठेवत, तपासणीबद्दल.

गेल्या उन्हाळ्यात, काजूचा हंगाम संपत आला असताना, सर आणि वैनी बाजार करून माझ्याकडे आले. वैनी पिशव्या घेऊन खुर्चीवर बसल्या. सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"भिवा ह्या खेपेक कायमचो गावाक वता," ते म्हणाले. "पुढच्या हंगामाला येणार नाही. त्याला द्यायचंय हे. तोंडानं जमत नाही, म्हणून लिहिलं. आणि ह्यात चूक झाली तर मग माझ्यासारखा गाढव मीच. नीट मोज."

मी वाचू लागलो. 'प्रिय भिवास, अनेक आशीर्वाद. अकरा वर्षांपूर्वी माझ्या हातून एका शब्दात एक काना जास्त पडला. त्यामुळे तुझा जीव धोक्यात आला. मी मास्तर असून मला धड लिहिता आलं नाही, याची मला...'

पुढचं मला दिसेना.

"कितें जालें?" सर म्हणाले. "पहिल्याच ओळीत?"

"हो, सर. पहिल्याच ओळीत चूक आहे."

"काना?"

"नाही. 'माझ्या' हा शब्द चुकला आहे."

त्यांना कळलं नाही. मी खण उघडला, शब्दकोश उचलला, आणि खालचे चार पिवळे कागद त्यांच्यासमोर ठेवले. निळ्या शाईतलं त्यांचं स्वच्छ अक्षर, त्यावर माझ्या लाल शाईचे काने. मी म्हणालो, "तुम्ही बरोबर लिहिलं होतं. मला शब्द माहीत नव्हता. हरवलाही नव्हता कागद."

सरांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. चारही पानं मोजली. वेळ लागला. रस्त्यावरून मासळीवाली ओरडत गेली.

"एकोणतीस," ते म्हणाले.

"एकोणतीस," मी म्हणालो.

"लिंगसुद्धा बदललंस?"

"हो, सर."

"तें नपुंसकच आसा मरे." त्यांना कान्यापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलेलं दिसलं. मग कागदांची चळत सारखी करत ते स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे माका बरोवंक येतालें. लिहिता येत होतं मला."

वैनी खुर्चीवरून म्हणाल्या, "अकरा वर्सां मिठा-मिरसांगेची यादी तपासूंक हो मनीस पेट्रोल जाळटा. आनी तूं मोजतालो?"

"मोजत होतो, वैनी."

"काजूगरय खातालो?"

खात होतो.

मी सरांसमोर हात जोडले आणि तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "माका कित्याक सांगता? चीक कोणाच्या हाताला लागला होता? तुझ्या स्कूटरीत पेट्रोल आसा?"

"आहे."

"मग चल. तो उद्या जाणार."

कोरगावापर्यंत ते माझ्या मागे बसले होते. मी मनात वाक्य तयार करत होतो. त्यात 'अक्षम्य' होतं, 'अंतःकरणपूर्वक' होतं, आणि त्यातला विसर्गही मी दोनदा तपासून पाहिला. सरांनी मागून विचारलं, "वाळला असेल काय रे?"

"काय, सर?"

"चीक. अकरा वर्सां जालीं." थोड्या वेळानं तेच म्हणाले, "मग खोबरेल चालत नाही. नवीन करावं लागतं."

भिवा बागेत बोंडांच्या ढिगाशी बसून बिया पिळून काढत होता. आंबूस वास सुटला होता. आम्हाला बघून उठला, हात लुंगीला पुसले. "सर, आज मास्तरांक पण हाडलास?"

सरांनी मला पुढं केलं आणि स्वतः माझ्या मागे उभे राहिले.

मी पिवळा कागद उघडून भिवासमोर धरला आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. माझं तयार केलेलं वाक्य पहिल्या शब्दालाच बसलं. मी म्हणालो, "भिवा, तुझ्या त्या पत्रकातला काना. हा बघ."

भिवानं वाकून पाहिलं. त्यानंही बोट लावलं, काजूच्या रसानं काळं पडलेलं. "ह्यो? येवढोसोच?"

"एवढाच."

"आणि ह्यो सरांचो न्हय?"

"नाही. सरांनी बरोबर लिहिलं होतं. हा मी दिला. तू खाटेवर होतास तेव्हा मला माहीत होतं, आणि मी सरांचं नाव पुढं केलं. भिवा, माका माफ कर."

भिवा माझ्याकडे, मग माझ्या मागे सरांकडे बघत राहिला.

"पोचलं," मागून सर म्हणाले.

त्यांच्या नियमाप्रमाणे आता पुन्हा बोलायचं नव्हतं. पण ती माफी भिवाची होती. मी वळलो आणि दुसऱ्यांदा म्हणालो, "सर, माका माफ करा."